खाल्लेलं पान दिसलं की बाग लागली

फुलपाखरांसाठी बाग करायची ठरली की बहुतेक घरांत आणि शाळांत एकच क्रम असतो. नर्सरीतून झेंडू, झिनिया, कॉसमॉसची वीस-पंचवीस रोपं येतात, महिना-दीड महिना ताटवा रंगतो, चार फुलपाखरं मध पिऊन जातात आणि दिवाळीनंतर वाफा ओसाड पडतो. मुलांना त्यातून कळलं काय, तर फुलपाखरू फुलावर बसतं. ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

परागण करणाऱ्या कीटकांची बाग वेगळ्या हिशेबाने लावावी लागते. प्रत्येक झाडाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. याच्या फुलावर कोण येईल? आणि याचं पान कोण खाईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या झाडाकडे आहे, त्याला पहिली जागा द्यायची.

याचं कारण फुलपाखराच्या स्वभावात आहे. पोट भरताना ते फारसं निवडत नाही, गोड रस मिळाला की झालं. अंडी घालताना मात्र मादी कमालीची चोखंदळ असते. ती पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपते आणि पायांनीच त्याची चव घेते. हवी ती चव लागली तरच अंडं घालते, नाहीतर उडून पुढे जाते. झाडं स्वतःला वाचवण्यासाठी पानांत निरनिराळी विषं, उग्र तेलं, कडू द्रव्यं साठवतात, आणि सुरवंटाच्या एकेका जातीला अशा थोड्याच द्रव्यांची सवय झालेली असते. ही सवय लाखो वर्षांच्या शेजारातून आलेली आहे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही तिन्ही मूळची मेक्सिकोकडची. आपल्या फुलपाखरांच्या पिल्लांना त्यांच्या पानांचा काही उपयोग नाही. म्हणजे ही बाग पाणपोईसारखी झाली, तहान भागते पण बिऱ्हाड करता येत नाही.

देशी म्हणजे कुठलं?

‘भारतीय’ एवढी ओळख इथे पुरत नाही. सोनकी घाटमाथ्यावर भाद्रपदात सगळा डोंगर पिवळा करते, पण तिला धुकं आणि तो गारवा लागतो. सोलापूर-लातूरच्या वाफ्यात तिचा हट्ट धरू नये. तिथे तरवड, रुई आणि काटेकोरांटी बिनतक्रार वाढतात. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि तिला डोंगरउतार हवा, म्हणून ती बागेत नको, डोंगरावरच पाहावी. आपल्या गावाच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिघात बांधावर, ओढ्याकाठी, टेकडीवर आपोआप काय उगवतं ते एका पावसाळ्यात पाहून ठेवलं की निम्मी यादी तयार होते. नियम जागेचा आहे, त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घराने तेरडा आणि तरवड शोधत बसायचं कारण नाही. रुईच्या कुळातलं तिथलं मिल्कवीड लावलं तर त्यावर मोनार्क फुलपाखराचे सुरवंट येतील, आणि ते आपल्या रुईवरच्या सुरवंटांचे चुलतभाऊच आहेत.

बाजारात ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून बियांची पाकिटं मिळतात. मागची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. कॉसमॉस, झिनिया, खसखशीच्या जातीची फुलं असं परदेशी बीच त्यात बहुधा असतं. हे बी सीडबॉलमध्ये, म्हणजे मातीच्या गोळ्यांत, भरून टेकड्यांवर फेकणं तर उघड नुकसानीचं आहे. पिवळा कॉसमॉस एकदा सुटला की आवरत नाही आणि स्थानिक गवताफुलांची जागा बळकावतो. घाणेरीचंही तेच. तिच्या फुलांवर फुलपाखरं भरपूर येतात, म्हणून काही जण ती मुद्दाम लावतात. पण मूळची ही अमेरिका खंडातली झुडुपं, आणि आपल्या जंगलांचा मोठा भाग त्यांनी गिळला आहे. आवारात घाणेरी आधीच असेल तर मात्र एका दिवसात उपटू नका. पहिल्या वर्षी एक तृतीयांश काढा, तिथे देशी झुडूप रुजू द्या, मग उरलेली काढा. येणारे कीटक मधल्या काळात उपाशी राहत नाहीत.

आणखी एक सापळा म्हणजे ‘डबल’ फुलं. पाकळ्यांचे थर वाढवण्याच्या नादात फुलातल्या पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात. पराग कमी होतो आणि मधापर्यंत जायची वाटही बंद होते. गुलाबासारखा दिसणारा तेरडा नर्सरीत मिळतो, तो असाच. आपल्याला साधा, एकेरी पाकळ्यांचा तेरडा हवा.

तेरडा जवळून

भाद्रपदात गौरी म्हणून अनेक घरांत तेरड्याचीच रोपं येतात, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. ते तीन दिवस फुलाच्या आत काय चालतं ते मात्र फार थोडे जण पाहतात. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं.

फूल बाजूने धरा. मागे बारीक, वाकडी शेपटी दिसेल. मध त्या शेपटीच्या टोकाशी असतो. लांब सोंडेचा कीटकच तिथवर पोचतो, आणि पोचताना त्याची पाठ फुलाच्या छताला घासते. छताला आत एक पांढरट टोपी असते. ती म्हणजे एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. फूल उमलल्यावर सुरुवातीचा काळ ही टोपी पराग देते, म्हणजे फूल तेव्हा नर असतं. मग टोपी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेलं हिरवं स्त्रीकेसर उघडं पडतं. तेच फूल आता मादी झालं. पहिल्या दिवशी ज्या जागी पाठीला पराग लागला, दुसऱ्या फुलात नेमक्या त्याच जागी तो उतरवून घेतला जातो. मुलांना एकाच झाडावरची पाच ताजी आणि पाच जुनी फुलं देऊन टोपी कशात आहे ते शोधायला लावा. फुलाचं वय ओळखायला ती एका तासात शिकतात.

शेपटीला बाहेरून बारीक चीर दिसली तर ते चोराचं काम समजा. ज्याची सोंड पुरत नाही असा कीटक कधीकधी मागून नळी फोडून मध पितो. परागाला शिवतही नाही. प्रत्येक पाहुणा परागण करतोच असं नाही, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही.

रुई, घोळ आणि एक नक्कल

बागेत एकच झाड लावायची सोय असेल तर रुई लावा. शनिवारी मारुतीला वाहायला तिची पानं-फुलं लागतात, त्यामुळे तिला कोणी परकी म्हणत नाही, फक्त अंगणात लावायला कचरतात. तिच्या फुलावर येतो तो मोठा काळा भुंगा. रुईचा पराग सुटा नसतो. तो मेणचट पिवळ्या जोडपिशव्यांत भरलेला असतो, आणि भुंगा मधल्या मुकुटावर चढताना त्याचा पाय फटीत अडकून पिशवी सोबत निघते. हलक्या माशांना ती ओढून काढता येत नाही.

पानांवर येते प्लेन टायगर, काळ्या-पांढऱ्या टोकांचं नारिंगी फुलपाखरू. मादी पानाखाली एकेक पांढरट अंडं घालते. त्यातून निघणाऱ्या सुरवंटावर पिवळे, काळे, पांढरे पट्टे आणि काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. मोठा सुरवंट खायला बसण्याआधी बहुधा पानाची शीर कुरतडतो, चीक तिथेच वाहून जातो आणि पुढचं पान निर्धोक होतं. भिंग घेऊन पाहण्याचा हा प्रसंग चुकवू नका. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला उन्हापावसात साधारण चार आठवडे लागतात, थंडीत जास्त.

चिकातलं विष सुरवंट अंगात साठवतो आणि ते फुलपाखरातही उतरतं. पक्षी एकदा चव घेतात आणि पुढे तो नारिंगी रंग टाळतात. आता रुईच्या पायथ्याशी घोळ वाढू द्या, तीच भाजीची घोळ. तिच्यावर डॅनेड एगफ्लाय हे फुलपाखरू अंडी घालतं. याचा नर काळा, पंखांवर जांभळ्या कडांचे पांढरे डाग असलेला. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगर. अंगात विष नाही, पण रंग विषारीचा. ओळखायची खूण मागच्या पंखावर आहे. खऱ्या प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, नक्कल करणारीच्या पंखावर एकच, आणि तोही वरच्या कडेला. दोन चौरस मीटरच्या तुकड्यात झाड, विष, सुरवंट, पक्षी आणि बहुरूपी असा पाचांचा संबंध डोळ्यांसमोर उभा राहतो. पाठ्यपुस्तकात हेच चार प्रकरणांत विखुरलेलं असतं.

रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होऊ शकते, ही गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. छाटणी मोठ्यांनीच करायची, हातमोजे घालून. शाळेत रुई वाटेलगत न लावता वाफ्याच्या मागच्या बाजूला लावावी आणि पाहून झालं की मुलांनी हात साबणाने धुवावेत.

गुणगुणणारी माशी

वांग्याचं फूल उलटं करून पाहा. मधोमध पिवळ्या दांड्यांचा शंकू असतो. पराग त्या दांड्यांच्या आत बंद, आणि टोकाला फक्त सुईच्या अग्राएवढं भोक. मधही नसतो. अशा फुलातून पराग काढायचा तर ते योग्य वेगाने थरथरवावं लागतं. मधमाश्यांना ही विद्या येत नाही. ती निळ्या पट्ट्यांच्या, पोळं न बांधता एकट्या राहणाऱ्या माशीला आणि भुंग्याला येते. माशी शंकूला लटकते, पंख न हलवता छातीचे स्नायू कंपवते आणि पराग मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा तिच्या पोटावर पडतो. तेवढ्या क्षणी गुणगुणण्याचा स्वर एकदम चढतो. तो कानाने पकडता येतो, डोळे मिटूनही.

शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून त्याची थरथरती भुजा त्या शंकूला टेकवा आणि खाली काळा कागद धरा. पिवळी पूड कागदावर उतरते. फूल सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, कोरड्या हवेत घ्या. पाऊस पडून गेल्यावर पराग ओला असतो आणि प्रयोग फसतो. तरवडाचं फूलही याच पद्धतीचं आहे, शिवाय त्याच्या पानांवर पिवळी इमिग्रंट आणि ग्रास यलो ही फुलपाखरं वाढतात. कोरड्या भागातल्या बागेत तरवड म्हणूनच दुहेरी कामाचा.

वाफा कसा घालायचा

जागेला दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवं. सावलीत झाडं वाढतील, पण फुलपाखरं आणि माशा उन्हातच फिरतात. १० बाय १० फुटांचा चौक सुरुवातीला पुरे. त्यात मागच्या बाजूला रुई, तरवड आणि कढीपत्ता प्रत्येकी एक, मध्ये तीन काटेकोरांट्या आणि पाच तुळशी, पुढे तेरड्याची १५-१६, कुर्डूची १० आणि खुळखुळ्याची ५-६ रोपं, कडेला घोळ आणि कुंपणावर दोडका आणि घोसाळं यांचा एकेक वेल. मधून फूटभर रुंदीची वाट ठेवा, नाहीतर जवळ जाऊन पाहणंच होत नाही. एका जातीची रोपं एकत्र घोळक्यात लावायची. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं धरते. विखरून लावलेलं एकेक रोप तिच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखं असतं.

तयारी एप्रिलमध्ये सुरू होते. जमीन वितीभर उकरून, भरपूर पाणी देऊन, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीने बंद करा. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हात वरच्या थरातलं गाजरगवताचं आणि इतर तणाचं बी भाजून निघतं. काळं प्लास्टिक चालत नाही, कारण ऊन आत शिरायला हवं. सगळा चौक एकदम झाकू नका. जमिनीत घरटी करणाऱ्या माशाही त्या उष्णतेने मरतात, म्हणून अर्धा या वर्षी, अर्धा पुढच्या.

मातीत शेणखत ओतायची सवय इथे नडते. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर बोट-दोन बोट माती असते, आणि तिथे फुलांचे गालिचे पसरतात. कस वाढला की गवत जोमाने उठतं आणि रानफुलांना दाबतं. तेरडा खतावर पानांनी फुगतो, फूल उशिरा येतं. जमिनीत फक्त मुरूम मिसळून निचरा सुधारा. कुंडीसाठी दोन भाग स्थानिक माती, एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग पालापाचोळ्याचं खत पुरतं. तेरडा, कुर्डू, तुळस १२ इंची कुंडीत छान येतात. रुईचं मूळ खोल जातं, तिला छोटा ड्रम लागतो.

पेरणीची घाई हे रोपं मरण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. वळवाच्या सरींवर बी टाकलं की चार दिवसांत उगवतं आणि पुढच्या उघडिपीत वाळून जातं. मोसमी पाऊस लागू द्या, बोट खुपसून चार-पाच इंच ओल लागली की पेरा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर हवं. कुर्डूचं काळं चकचकीत बी मोहरीपेक्षाही बारीक, ते नुसतं मातीवर टाकून हाताने दाबायचं. चिमूटभर बी वाटीभर कोरड्या बारीक वाळूत कालवून फेकलं तर सारखं पडतं. तरवडाच्या बीची साल टणक असते. पॉलिश पेपरवर एका कडेला हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं तेवढं लावा. तेरड्याची रोपं चार पानांची झाली की फूटभर अंतरावर विरळ करा.

खुरपताना हमखास गडबड होते. हौशी हात रानफुलांचीच रोपं तण म्हणून उपटतात. यावर सोपा उपाय असा, की प्रत्येक जातीचं थोडं बी नाव लिहिलेल्या वेगळ्या कुंडीत त्याच दिवशी पेरा. वाफ्यातलं रोप ओळखायचं असेल तर कुंडीशी ताडून पाहायचं.

कुर्डूबद्दल शेतकऱ्याच्या बाजूने एक गोष्ट. बागेत त्याची गुलाबी-पांढरी कणसं फुलपाखरांनी भरतात आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते, पण शेतात ते चिवट तण आहे. शेजारी शेत असेल तर बी सांडण्याआधी कणसं कापून घ्या.

नुसती पावसाळी फुलं लावली तर डिसेंबरपासून बागेत काही राहत नाही. काटेकोरांटी आणि खुळखुळा थंडी सांभाळतात. जागा मोठी असेल तर धायटी लावा, थंडी सरताना तिला लाल फुलं येतात आणि शिंजीर पक्षी ठाण मांडून बसतात. उन्हाळ्यात ताम्हण आणि बहावा. ताम्हण आपलं राज्यफूल, पण तिच्या फुलात मध नसतो, पाहुणे केवळ परागासाठी येतात. तुळस आणि रुई मधली सगळी भोकं बुजवतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची रीत आहे, त्याने झाड जोमात राहतं हेही खरं, पण पाचांतल्या तीन तुळशी फुलू द्या. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या दिवसभर तिथेच असतात. कुठल्या महिन्यात काय फुलतं हे मधपाळांना तोंडपाठ असतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, ते भोवतालच्या जंगलाच्या या फुलोऱ्यावरच उभं आहे.

माशांना घर, फुलपाखरांना चिखल

जगात माशांच्या, म्हणजे पराग गोळा करणाऱ्या माशांच्या, २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळं बांधत नाहीत. एकटी मादी बीळ करते, त्यात परागाचा गोळा ठेवते, वर अंडं घालते आणि तोंड बंद करते. त्यांतल्या बऱ्याच जमिनीत राहतात. म्हणून वाफ्याच्या कडेला मीटरभर जागा उघडी ठेवा, आच्छादन नको, फरशी नको, किंचित उतार असू द्या म्हणजे पाणी साचणार नाही. निळ्या पट्ट्यांच्या माशीला अशी जमीन किंवा जुनी मातीची भिंत आवडते.

पानं कापणाऱ्या माशीसाठी बांबूचे तुकडे बांधा. लांबी सहा इंच, आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर, एका बाजूला पेराची गाठ शाबूत. दोन्ही बाजूंनी उघडी नळी निकामी. तोंडाच्या कडा पॉलिश पेपरने घासा, कुसळांनी पंख फाटतात. जुडी वाऱ्याने हलता कामा नये, ती वळचणीखाली भिंतीला घट्ट ठोका, तोंड पूर्वेकडे. पावसाचं पाणी आत गेलं की बुरशी धरते. खांबाला बांधायची असेल तर खांबाला ग्रीसचा पट्टा द्या, नाहीतर मुंग्या सगळं पळवतात. वापरून झालेल्या नळ्या दरवर्षी बदला, तशाच ठेवल्यास त्यांत गोचिडासारखे बारीक जीव साठतात. गुलाबाच्या पानाला कडेने कातरीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले की समजा, नळीत भाडेकरू आलाय. भुंग्याला नळी लागत नाही, तो वाळलेलं लाकूड स्वतः कोरतो. एखादी सुकी जाड फांदी तशीच राहू द्या.

पाण्यासाठी उथळ मातीची ताटली, त्यात बाहेर डोकावणारे गोटे. आठवड्यातून दोनदा ताटली पूर्ण ओतून घासा, नाहीतर डासांची पैदास तुम्हीच कराल. दुसऱ्या ताटलीत ओली वाळू आणि चिमूटभर मीठ ठेवलं तर नर फुलपाखरं क्षार शोषायला येऊन बसतात.

शाळेच्या इमारतीवर आग्या मोहोळ असेल तर बाग त्यापासून लांब करा आणि मोहोळाच्या वाटेला जाऊ नका. एकट्या राहणाऱ्या माशा हातात दाबल्याशिवाय सहसा चावत नाहीत.

फवारणीचा मोह

कढीपत्त्याची पानं खाल्लेली दिसली की घरातला कोणीतरी औषध आणतो. त्याआधी पानावर नीट पाहा. पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसतं ना? तो लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराचा लहान सुरवंट आहे. मोठा झाला की हिरवा होतो, आणि काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुबेळकं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतो. झाड चार फुटांचं असेल तर सात-आठ सुरवंट ते सहज पोसतं आणि महिन्याभरात पुन्हा पालवतं. रोप वीतभरच असेल तर मात्र ते बोडकं होईल. पहिलं वर्ष त्याला मच्छरदाणीचं कापड बांधा.

रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा हमखास येतो. साबण, निंबोळी अर्क, काहीही मारू नका. निंबोळी सेंद्रिय असली तरी सुरवंटांना तीही मारक आहे. दहा-बारा दिवस थांबा. लेडीबर्ड नावाचे ठिपकेदार भुंगेरे येतात आणि फुलांवर स्थिर तरंगणाऱ्या सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा खाऊन टाकतात. फारच झालं तर पाण्याची जोरदार धार पुरे. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशक औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि तिथून मधात आणि परागात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्यासह तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो माशांवरच्या परिणामामुळेच. नर्सरीचं रोप आणताना आधी काय फवारलं होतं ते विचारा. सांगता आलं नाही तर त्या रोपाचा पहिला बहर खुडून टाका आणि नव्या फुटीवर भरवसा ठेवा. बीपासून केलेलं रोप केव्हाही बरं.

काही कोषांतून फुलपाखरू निघणारच नाही. कोषाला बारीक भोक दिसेल, आतून गांधीलमाशीच्या कुळातला चिमुकला कीटक निघून गेलेला असेल. मुलांना वाईट वाटतं, ते साहजिक आहे. पण ते भोकही वहीत काढायला लावा.

वहीत काय मांडायचं

सकाळी ९ ते ११ या वेळेत, मीटरभर चौरस काठ्यांनी आखून, समोर दहा मिनिटं शांत बसायचं. तारीख, ऊन की ढग, कुठल्या जातीची किती फुलं उमलली आहेत आणि कोण किती वेळा आलं, एवढंच लिहायचं. जातीचं नाव येत नसेल तर गट लिहा: मधमाशी, भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, पोटाखाली पराग वाहणारी पानं कापणारी माशी, घरमाशीसारखी, फुलपाखरू, मुंगी, बाकी. दोन पंख, मोठे डोळे आणि आखूड मिशा असतील तर ती पिवळ्या पट्ट्यांची असली तरी मधमाशी नव्हे, सिरफिड आहे. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार नाव सुचवतात. आठवड्यातून एकदा, जूनपासून मार्चपर्यंत हे केलं की कुठल्या आठवड्यात बाग रिकामी पडते ते आकड्यांतच दिसतं, आणि पुढच्या वर्षी काय लावायचं ते ठरतं.

कुंपणावरचे दोन वेल यासाठीच आहेत. घोसाळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि त्यांवर माशा येतात. दोडक्याची संध्याकाळी उमलतात आणि अंधार पडताना पतंग येतात. दिसायला दोन्ही पिवळी, कूळ एक, पाळ्या वेगळ्या. दोन्हींत नर फुलं घोसात आणि मादी फूल एकटं, त्याच्या देठाशी इवलंसं फळ असतं. दोडक्याच्या मादी कळीला दुपारीच मलमलीची पिशवी बांधा, घोसाळ्याच्या कळीला आदल्या संध्याकाळी. पंधरा दिवसांत पाच फुलं झाकलेली, पाच उघडी आणि पाच झाकून हाताने पराग लावलेली अशी नोंद जमवा. हाताने पराग लावायचा म्हणजे ताजं नर फूल खुडून त्याचे केसर मादी फुलाच्या मध्यावर टेकवायचे आणि पिशवी परत बांधायची. नुसती झाकलेली फळं चार-पाच दिवसांत पिवळी पडून गळतात. हाताने पराग लावलेली वाढली तर पिशवीने फळ मारलं ही शंका मिटते. उघड्यांपैकीही बरीच गळली, तर परिसरात संध्याकाळी पतंग कमी आहेत का हे पाहायचं, आणि त्यासाठी रात्रभर जळणारा अंगणातला दिवा महिनाभर बंद ठेवून मोजणी पुन्हा करायची.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी गोळा करायला लागा. तेरड्याची शेंग फुगून फिकट झाली की बोट लागताच फुटते, म्हणून आधी तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा. कुर्डूची कणसं कागदी पिशवीत झटका. बांधावरून घेणार असाल तर दहातलं एक झाड, बाकीचं तिथेच. कासचं किंवा कुठल्याही राखीव पठाराचं बी, कंद, रोप उचलायचं नाही. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ जाती तर अजिबात नाही. बी आठवडाभर सावलीत वाळवा, कागदी पाकिटावर नाव, जागा आणि तारीख लिहा आणि कोरड्या डब्यात ठेवा. उरलेली सुकी झाडं मात्र लगेच कापून जाळू नका. खुळखुळ्याच्या वाळलेल्या फांद्या खरवडायला टायगर फुलपाखरांचे नर येतात, पोकळ दांड्यांत माशा झोपलेल्या असतात, आणि पानाखाली एखादा कोष अजून लटकत असतो. फेब्रुवारी संपेपर्यंत तो वाफा तसाच राहू द्या.